नंबर वहीत राहू द्या, पडद्यावर नाव दाखवा

महाराष्ट्रात मलकापूर नावाची तीन शहरे आहेत. एक आमचे, कराडला लागून, सातारा जिल्ह्यात. दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात, रत्नागिरीच्या वाटेवर. तिसरे बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळहून अकोल्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. इचलकरंजीच्या पेढीने बिल्टीवर नुसते ‘मलकापूर’ लिहिले तर गाठ कोठे उतरेल हे हमालाच्या अंदाजावर राहते.

ही अडचण टपाल खात्याला फार पूर्वी समजली होती. एकाच नावाची अनेक गावे, त्यात प्रत्येक भाषेत नाव लिहिण्याची तऱ्हा वेगळी. त्यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. ही पद्धत बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि विशेष म्हणजे संस्कृतचे कवी होते. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाने देशाला आकडे दिले. परंतु त्यांनी गावाचे नाव पुसून तेथे आकडा लिहा असे सांगितले नाही. पाकिटावर नावही राहिले, आकडाही राहिला. आकडा टपालाच्या छाननीसाठी, नाव पोस्टमनसाठी.

आज हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या अनेक व्यापारी बांधवांनी खतावणी बंद करून हिशोब संगणकावर, आणि आता तर इंटरनेटवर चालणाऱ्या प्रोग्रामवर नेला आहे. गावातीलच एखादा होतकरू मुलगा असा प्रोग्राम तयार करून देतो. दुकान, गोदाम आणि घर, तिन्हीकडून मोबाईलवर हिशोब दिसतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण पुष्कळ ठिकाणी मी असे पाहिले की, पडद्यावर बिलाची यादी उघडली की पार्टीच्या रकान्यात ४१७, ८२, १०३६ असे आकडे उभे असतात. ४१७ कोण? तर त्यासाठी दुसरे पान उघडा, तेथे नंबर शोधा, नाव पाहा, परत या. मुनीम काही दिवस असे करतो. मग नंबर तोंडपाठ झाल्याचा त्याला भरवसा वाटू लागतो, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते.

हा आकडा कोठून येतो हे समजून घेणे कठीण नाही, कारण आपल्या जुन्या वह्यांत तो होताच. रोजकीर्दीत नोंद करताना एका बारीक रकान्यात ‘खा. पा.’ म्हणजे खाते पान लिहीत असत. त्या पानावर खतावणी उघडली की त्या आसामीचे पूर्ण खाते समोर. संगणकातही तसेच आहे. एका तक्त्यात सर्व पार्ट्या असतात: नंबर, नाव, गाव, फोन, जीएसटी क्रमांक. दुसऱ्या तक्त्यात बिले असतात: तारीख, रक्कम आणि पार्टीचा नंबर. बिलाच्या तक्त्यात नाव नसते, फक्त खा. पा. असते. फरक एवढाच की जुना मुनीम कीर्दीत नावही लिहायचा आणि पानही लिहायचा. संगणक फक्त पान लिहितो.

संगणकाचे हे वागणे चुकीचे नाही. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने माहिती अशा तक्त्यांत मांडण्याचा सिद्धांत प्रसिद्ध केला आणि आजचे बहुतेक हिशोबाचे प्रोग्राम त्याच पायावर उभे आहेत. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, बाकी ठिकाणी तिचा फक्त निर्देश करावा, हे त्यातील मर्म. गिऱ्हाइकाचा फोन बदलला तर एका जागी दुरुस्त केला की झाले. दोनशे बिले चाळत बसायला नको.

आपल्या समाजात तर नंबराची गरज इतरांपेक्षा अधिक आहे असे माझे मत आहे. सातारा-सांगली भागात मुल्ला, मुजावर, शेख, तांबोळी, बागवान, शिकलगार, अत्तार, मणेर, नदाफ ही आडनावे गावोगाव आहेत, आणि पहिली नावे तर आपण नबी आणि सहाबांचीच ठेवतो. उंब्रजचा इब्राहीम मुल्ला आणि कोरेगावचा इब्राहीम मुल्ला हे दोघेही तुमच्या वहीत असू शकतात. त्यात पुन्हा लिपीचा गोंधळ. उर्दूत मुहम्मद हे नाव एकाच प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र त्याची मोहम्मद, मुहम्मद, महंमद अशी अनेक स्पेलिंगे होतात, शिवाय आखूड करून ‘एम.डी.’ही लिहितात. शेख या दोन अक्षरी आडनावाचेही तीन-चार प्रकार आहेत. नावावरून खाते शोधायचे म्हटले तर एका माणसाची चार खाती निघतात आणि चार माणसांचे एक खाते होते. म्हणून ओळख नंबरानेच राहिली पाहिजे. प्रश्न फक्त असा की माणसाच्या डोळ्यासमोर काय यावे?

येथे काही प्रोग्रामवाले अर्धा उपाय करतात. नंबर काढून तेथे नाव दाखवतात आणि काम संपले म्हणतात. आता यादी उघडली की ‘इब्राहीम मुल्ला’ एकाखाली एक दोनदा येते. मुनीम कोणावर बोट ठेवणार? आमच्या दोन गाठींचे नेमके असेच झाले. ट्रान्सपोर्टच्या कारकुनापुढे गावांची यादी होती, तीत मलकापूर तीनदा होते, जिल्हा कोठेच नव्हता. रमजानच्या तोंडावर पॉपलीन शाहूवाडीच्या बाजूला जाऊन पडले आणि ते येईपर्यंत शिंप्यांनी ईदच्या ऑर्डरींचा माल दुसरीकडून उचलला होता. ट्रान्सपोर्टकडे तिन्ही मलकापुरांचे नंबर वेगवेगळे होते, म्हणजे संगणकाला फरक माहीत होता. तो कारकुनाला दिसत नव्हता, इतकेच.

तेव्हा दाखवायचे ते नुसते नाव नव्हे, तर ज्यावरून माणूस ओळखू येईल असे पुरेसे वर्णन. कापड दुकानासाठी माझ्या मते ‘इब्राहीम मुल्ला, उंब्रज, टेलर’ एवढे पुरते. गादीवाल्या नदाफांमध्ये दोन भाऊ एकाच गावात धंदा करीत असतील तर वडिलांचे नाव किंवा फोनचे शेवटचे चार आकडे जोडावेत. घाऊक व्यापाऱ्यासाठी दुकानाचे नाव आधी आणि मालकाचे नंतर. मालाच्या बाबतीत ‘सॉर्ट नंबर २२’ याने कोणास काही कळत नाही. ‘पॉपलीन, ३६ पन्ना, पांढरे’ असे दिसले पाहिजे. काय जोडायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलास कळणार नाही, कारण तो तुमच्या गल्ल्यावर बसत नाही. ते आपणच त्यास लिहून द्यावे.

यादीबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. बिल करताना पार्टी निवडण्यासाठी जी यादी खाली उघडते, तिच्या प्रत्येक ओळीला दोन भाग असतात. एक दिसणारा, तो माणसासाठी. दुसरा झाकलेला, तो संगणकासाठी. आपण ‘इब्राहीम मुल्ला, उंब्रज’ यावर बोट ठेवतो, आत ४१७ जातो. दोन्ही कामे एका बोटात होतात. पन्नास पार्ट्या असतील तर साधी यादी चालते. हजार असतील तर दोन-तीन अक्षरे टाइप करताच जुळणारी नावे समोर यावीत अशी सोय मागून घ्यावी. आणि ती सोय नाव, गाव, फोन यांपैकी काहीही टाइप केले तरी चालली पाहिजे. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असताना मुनीम यादी चाळत बसला तर शेवटी तो जवळचे दिसेल ते नाव निवडून मोकळा होतो.

आता पैशाच्या बाजूकडे येऊ. तेथे हा विषय केवळ सोयीचा राहत नाही.

आपण सुरतेच्या किंवा भिवंडीच्या व्यापाऱ्याला एन.ई.एफ.टी. किंवा आर.टी.जी.एस.ने रक्कम पाठवतो तेव्हा फॉर्मवर खाते क्रमांक, शाखेचा कोड आणि नाव, तिन्ही लिहितो. बहुतेकांचा समज असा की बँक नाव आणि नंबर जुळवून पाहते. वर्षानुवर्षे तसे नव्हते. रक्कम फक्त खाते क्रमांकावर जमा होत असे. नाव आपण हाताने लिहायचो आणि ते तसेच कागदावर राहायचे. एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्या कोणाचा चालू खाते क्रमांक निघाला की रक्कम परक्याच्या घरी. पडद्यावर मात्र आपणच लिहिलेले बरोबर नाव दिसत असायचे. याहून मोठी फसगत कोणती? अखेर रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी परिपत्रक काढले आणि १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी अशी सोय द्यावी असे सांगितले की, खाते क्रमांक व शाखेचा कोड भरताच त्या खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव पैसे पाठवणाऱ्यास दिसावे. यासाठी गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असेही त्यात आहे. आपल्या बँकेच्या मोबाईलवर ही सोय असताना ती न वापरता मोठी रक्कम पाठवणे शहाणपणाचे नाही.

यू.पी.आय.मध्येही असाच एक पेच होता. आपल्या फोनमध्ये आपण कोणाचे नाव ‘भाईजान’ म्हणून ठेवले असेल, किंवा क्यूआर कोडमध्ये दुकानदाराने स्वतःच काही नाव घातले असेल, तर काही अॅपमध्ये तेच दिसत असे. एनपीसीआय या संस्थेने २०२५ साली नियम केला की पैसे देण्यापूर्वी दिसणारे नाव हे बँकेकडून आलेलेच असावे, आणि त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत घातली. दोन्ही नियमांचा अर्थ एकच आहे. वाचता येणारे नाव मूळ खात्यातून आलेले असेल तरच त्याला किंमत, हाताने लिहिलेले असेल तर ती नुसती समजूत. आपल्या दुकानाच्या प्रोग्रामलाही हीच कसोटी लावावी. बिलाच्या पानावर नाव टाइप करण्याचा मोकळा रकाना असेल आणि शेजारी नंबराचा वेगळा रकाना असेल, तर तो प्रोग्राम परत करावा. नंबर ४१७ चा आणि नाव दुसऱ्याचे, असे बिल तयार होणारच.

जीएसटी क्रमांकाच्या पंधरा खुणा आपण रोज लिहितो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. पुढील दहा म्हणजे पॅन. आणि अगदी शेवटची खूण तपासणीची, जेणेकरून टाइप करताना एक अक्षर चुकले तर कळावे. ही युक्ती उत्तम आहे, पण ती अर्धेच काम करते. चुकलेला नंबर ती पकडते. बरोबर, परंतु दुसऱ्याचा नंबर घातला तर ती काय करणार? ते पकडण्यासाठी नावच दिसावे लागते. म्हणून सरकारी पोर्टलवर नंबर घातला की मालकाचे कायदेशीर नाव आणि दुकानाचे व्यापारी नाव अशी दोन्ही समोर येतात. पाटीवरचे नाव एक आणि पॅनवरचे दुसरे असे आपल्याकडे सर्रास असते, तेव्हा दोन्ही पाहावीत.

मालाच्या एचएसएन कोडचेही तसेच. ५२०८ म्हणजे ८५ टक्के किंवा अधिक कापूस असलेले विणलेले सुती कापड, चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत वजनाचे. त्याहून जड असेल तर ५२०९. चादरी-टॉवेल ६३०२ मध्ये. एका आकड्याचा फरक, पण डोळ्यांना तो दिसत नाही. २०२५ पासून जीएसटीआर-१ विवरणातील एचएसएनच्या तक्त्यात कोड हाताने टाइप करणे बंद होऊन तो यादीतून निवडायचा झाला, आणि निवडताच त्या मालाचे वर्णन आपोआप शेजारी येते. सरकारने हे केले ते आपल्या दुकानातही व्हावे.

मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचा ईआरपीनेक्स्ट नावाचा हिशोबाचा प्रोग्राम आहे, खुल्या परवान्याचा, म्हणजे कोणीही घेऊन वापरावा आणि बदलावा असा. त्यात दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याला ‘लिंक’ म्हणतात, आणि त्या रकान्यात नंबराऐवजी शीर्षक दाखवावे यासाठी ‘शो टायटल इन लिंक फील्ड्स’ अशी एक खूण करण्याची चौकट दिली आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाने हे अवघड आहे असे सांगितले तर त्यास ही चौकट दाखवावी.

एक तांत्रिक तक्रार मात्र खरी असते. नावे दाखवायला लागल्यापासून पान उशिरा उघडते, असे अनेकजण सांगतात. कारण असे की, कच्चा प्रोग्राम पाचशे बिलांची यादी आणतो आणि मग प्रत्येक बिलाच्या नावासाठी पुन्हा एकदा तक्त्याकडे जातो. म्हणजे पाचशे एक खेपा. पाचशे तागे आणायला गड्याला पाचशे वेळा गोदामात पाठवण्यासारखेच हे. दोन्ही तक्ते जोडून एकाच खेपेत बिल आणि नाव आणता येते. त्याला त्यांच्या भाषेत ‘जॉइन’ म्हणतात. पान मंद झाले म्हणून नाव काढून टाका, हे उत्तर ऐकून घेऊ नये.

नाव बदलले तर काय, हा यातील सर्वांत नाजूक भाग. इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. त्याआधी २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. नामांतराबद्दल ज्याचे त्याचे मत आहे, ती चर्चा या पानाची नाही. हिशोबनीसाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते: औरंगाबादचा पिन ४३१००१ होता, तो तसाच आहे. नंबर टिकला, नाव बदलले. गावांच्या तक्त्यात एका जागी दुरुस्ती केली की पुढील सर्व कामात नवे नाव येईल, हा नंबराचा फायदाच. परंतु २०१९ चे बिल आज उघडून छापले आणि त्यावर नवे नाव आले, तर ते बिल गिऱ्हाइकाकडच्या प्रतीशी जुळणार नाही. दुकान बापाकडून मुलाकडे गेले, फर्मचे नाव बदलले, तरी तोच प्रश्न. म्हणून पक्के झालेल्या बिलावर त्या दिवशीचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक नंबराबरोबर लिहून ठेवावेत आणि ते पुन्हा बदलू नयेत. चालू यादीत नाव मूळ तक्त्यातून यावे, दस्तऐवजात त्या दिवशीचे राहावे. अनेक जाणते प्रोग्रामवालेही येथे गफलत करतात.

तसेच जुन्या पार्टीचे नाव तक्त्यातून खोडू देऊ नये. खोडले की तिची सर्व जुनी बिले अनाथ होतात. रकान्यात कोरी जागा किंवा पुन्हा तोच मुका आकडा. व्यवहार बंद झाला तर ‘बंद’ अशी खूण करावी, म्हणजे नव्या बिलाच्या यादीत ती येणार नाही आणि जुन्या बिलावर दिसत राहील. ज्या नंबरावर बिले आहेत तो खोडू न देण्याची बंदी तक्त्यातच घालता येते. बरेच जण ती घालत नाहीत.

उर्दू माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्यांना यात एक लाभ आहे, तो सांगतो. एका नंबराखाली नाव तीन लिपींत ठेवता येते. इंग्रजीतील नाव जीएसटी बिलासाठी, मराठीतील दुकानच्या मुलांसाठी, आणि उर्दूतील ज्यास ते सोपे पडते त्याच्यासाठी. आत नंबर एकच असल्याने खाते एकच राहते. वहीच्या काळात हे शक्य नव्हते.

सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत, आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे व त्यावर साक्षीदार घेणे हा आहे, हे आपण जाणताच. साक्षीदार त्याला वाचता आले तेवढ्याचीच साक्ष देऊ शकतो. ‘४१७ कडे ३२,००० येणे’ या ओळीवर कोण काय साक्ष देणार? आणि दुकानदाराचा इंतकाल झाला, मुले लहान आहेत, पासवर्ड मुनिमाकडे आहे, अशा वेळी वारसांच्या हाती पडणारा कागद आकड्यांचा असेल तर कोणाचे देणे फेडायचे आणि कोणाकडून येणे घ्यायचे? बंद्यांचे हक्क या आकड्यांत अडकून राहतात.

प्रोग्रामचे शेवटचे पैसे देण्यापूर्वी अर्धा तास काढून पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. एकाच नावाच्या दोन पार्ट्या भरा आणि बिल करताना त्या वेगळ्या ओळखू येतात का ते बघा. एक बिल पक्के करा, पार्टीचे नाव बदला, बिल पुन्हा छापा. बिले असलेली पार्टी खोडण्याचा प्रयत्न करा. यादी नावाच्या क्रमाने लावा. बाराखडीऐवजी नंबराच्या क्रमाने लागली तर नाव फक्त वरून चिकटवलेले आहे असे समजा. आणि महिन्याची यादी एक्सेलमध्ये उतरवून सी.ए.कडे पाठवा, कारण पडद्यावर नाव आणि एक्सेलमध्ये पुन्हा ४१७ हा प्रकार फारच ठिकाणी आढळतो, आणि तो मार्च महिन्यात उघडकीस येतो.